चकाकीच्या आधीचा थर : सायकलचा क्रँक, कॉस्टिक सोडा आणि खरवडण्याचा प्रश्न

१/ जुन्या रेसिंग सायकलचा ॲल्युमिनियमचा क्रँक हाती घ्यावा, मऊ फडक्यावर ब्रासो घेऊन तासभर घासावा, तरी पुष्कळदा तो होता तसाच राहतो. मळकट, करडा, जागोजागी पांढुरके डाग पडलेला. पितळेची समई याच ब्रासोने दहा मिनिटांत उजळते. मग ॲल्युमिनियम का उजळत नाही? उत्तर रसायनशास्त्रात आहे. पण ते रसायन सायकलच्या त्या भागावर कसे येऊन बसले, हा इतिहासाचा विषय आहे. आजचा धागा त्याविषयी.

२/ उत्तर आधी सांगून टाकतो. आपला फडका धातूपर्यंत पोहोचतच नाही. क्रँकवर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा एक पारदर्शक थर कारखान्यातच चढवलेला असतो. हे ऑक्साइड स्फटिकरूपात निसर्गात सापडते तेव्हा आपण त्याला कुरुंद म्हणतो. माणिक आणि नीलम ही कुरुंदाचीच रंगीत रूपे. क्रँकवरचा थर स्फटिकरूप नसतो आणि जाडीला काही मायक्रॉनच भरतो. पण कुळ तेच, म्हणून तो पॉलिशला दाद देत नाही.

३/ त्यामुळे घरी सायकली दुरुस्त करणारे हौशी लोक दोन टप्प्यांत काम करतात. आधी कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात हा थर विरघळवायचा, मग उघड्या धातूला पॉलिश पेपरने घासत घासत आरसा करायचा. काम एका दुपारचे. पण त्या प्लास्टिकच्या बादलीत दीडशे वर्षांचा औद्योगिक इतिहास उलट्या क्रमाने घडत असतो. तो सुलट्या क्रमाने पाहू, आणि शेवटी एका अवघड प्रश्नाशी थांबू.

४/ भूकवचातील मूलद्रव्यांत ऑक्सिजन आणि सिलिकॉन यांच्यानंतर ॲल्युमिनियमचाच क्रमांक लागतो. तरीही एकोणिसाव्या शतकापर्यंत हा धातू शुद्ध रूपात कोणी पाहिला नव्हता, कारण ऑक्सिजनशी त्याची मिठी विलक्षण घट्ट असते. लोहाच्या खनिजातून कोळशाच्या भट्टीत लोखंड सुटते. ॲल्युमिनियम त्या रीतीने सुटत नाही. १८२५ मध्ये डेन्मार्कच्या अर्स्टेडने आणि १८२७ मध्ये जर्मनीच्या व्होलरने तो प्रयोगशाळेत अल्प प्रमाणात मिळवला. १८५४ मध्ये फ्रान्सच्या साँत-क्लेअर देव्हील याने सोडियम वापरून तो तयार करण्याची व्यवहार्य रीत काढली.

५/ व्यवहार्य म्हणजे स्वस्त नव्हे. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात ॲल्युमिनियमच्या कांड्या नवलाईची वस्तू म्हणून मांडल्या होत्या. १८८४ मध्ये अमेरिकेतील वॉशिंग्टन स्मारकाच्या अगदी टोकावर जो छोटा पिरॅमिड बसवला, तो ॲल्युमिनियमचा होता. वजन जेमतेम १०० औंस, म्हणजे पावणेतीन किलोच्या आसपास. बसवण्यापूर्वी तो न्यूयॉर्कमध्ये टिफनी या जवाहिऱ्याच्या दुकानात लोकांना पाहण्यासाठी ठेवला होता. आज ज्या धातूची पातेली आपण भंगारात किलोवर विकतो, तो तेव्हा जवाहिऱ्याच्या काचेमागे शोभत होता.

६/ पुढच्या दोनच वर्षांत चित्र पालटले. १८८६ मध्ये अमेरिकेत चार्ल्स मार्टिन हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू यांनी एकमेकांना न ओळखता एकच युक्ती शोधली. वितळलेल्या क्रायोलाइट या खनिजात ॲल्युमिनियम ऑक्साइड विरघळवायचे आणि त्यातून वीज सोडायची. ऑक्सिजन एकीकडे, धातू दुसरीकडे. दोघांचा जन्म १८६३ चा आणि दोघांचा मृत्यू १९१४ चा. शोध लागला तेव्हा दोघेही तुमच्या-आमच्या वयाचे, तेविशीच्या आतबाहेरचे होते.

७/ पण विजेच्या भांड्यात घालायला शुद्ध ऑक्साइड हवे, आणि बॉक्साइट या खनिजात ते लोह आणि वाळूच्या अंशांत मिसळलेले असते. हा गुंता रशियात काम करणाऱ्या कार्ल योसेफ बायर या ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञाने १८८७-८८ च्या सुमारास सोडवला. गंमत अशी की त्याला हे ऑक्साइड धातूसाठी नको होते; सुती कापडावर रंग पक्का बसवण्यासाठी हवे होते. त्याची रीत अशी: बॉक्साइट तीव्र, गरम कॉस्टिक सोड्यात टाकायचे. ॲल्युमिनियम ऑक्साइड विरघळते, लोहाचा तांबडा गाळ खाली राहतो. बादलीतला कॉस्टिक सोडा येथे प्रथम कथेत येतो. लक्षात ठेवा, तो परत येणार आहे.

८/ या कथेचा एक धागा आपल्या सह्याद्रीतही आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी भागातल्या पठारांवर जांभ्याच्या थरांत बॉक्साइट सापडते. दुर्गमानवाडीच्या खाणीतून निघालेले बॉक्साइट बेळगावच्या कारखान्यात जात असे, आणि १९६० च्या दशकाच्या अखेरीस उभ्या राहिलेल्या त्या कारखान्यात रीत वापरली जाई ती बायरचीच. जांभ्याचा तांबडा रंग लोहाचा. बायरच्या टाकीत खाली बसणारा तांबडा गाळ त्याच लोहाचा.

९/ आता सायकल. १८९० च्या दशकात युरोप-अमेरिकेत सायकलीचे वेड शिगेला पोहोचले आणि ॲल्युमिनियमचे भावही कोसळले. दोन्हींची गाठ पडणे अटळ होते. अमेरिकेतील सेंट लुईस रेफ्रिजरेटर अँड वुडन गटर कंपनी असे लांबलचक नाव असलेल्या कारखान्याने ‘लु-मि-नम’ नावाची ओतीव ॲल्युमिनियमच्या सांगाड्याची सायकल बाजारात आणली. शीतपेट्या आणि लाकडी पन्हळी करणाऱ्यांनाही सायकल करावीशी वाटली, यावरून त्या वेडाची कल्पना यावी. पण तेव्हाचे ॲल्युमिनियम पोलादाच्या मानाने मऊ आणि दुबळे होते. पोलादी नळ्यांपुढे या सायकलींचा टिकाव लागला नाही.

१०/ बळ आले ते जर्मनीतून. १९०६ मध्ये आल्फ्रेड व्हिल्म हा धातुशास्त्रज्ञ ॲल्युमिनियममध्ये थोडे तांबे आणि मॅग्नेशियम घालून, तो मिश्रधातू तापवून, पाण्यात विझवून पाहत होता. विझवल्याबरोबर मोजलेला कठीणपणा बेताचाच होता. तोच तुकडा काही दिवसांनी पुन्हा मोजला तर कितीतरी कठीण झालेला. नुसता पडून राहिल्याने धातू बळकट होतो, हे तोवर कोणाला ठाऊक नव्हते. यातून ड्युरॅल्युमिन जन्माला आले आणि पहिल्या महायुद्धातील झेपेलिन हवाई जहाजांचे सांगाडे त्याचेच झाले.

११/ या बळाची किंमत मात्र चुकवावी लागली. शुद्ध ॲल्युमिनियम हवेत येताच स्वतःभोवती ऑक्साइडचा अतिशय पातळ, काही नॅनोमीटरचा थर धरते आणि गंजापासून वाचते. तांबे मिसळले की हे कवच कमकुवत होते. खाऱ्या पाण्यावर उतरणाऱ्या विमानांचे ड्युरॅल्युमिनचे भाग खड्डे पडून खराब होऊ लागले. समुद्राने हा प्रश्न विचारला नसता, तर आपल्या क्रँकवरचा थर कदाचित इतक्या लवकर जन्मला नसता.

१२/ १९२३ मध्ये ब्रिटनमध्ये बेंगफ आणि स्टुअर्ट या दोघांनी उत्तर दिले. निसर्ग जो थर नॅनोमीटरमध्ये देतो, तो आपण विजेने कितीतरी पट जाड करू. ॲल्युमिनियमचा भाग क्रोमिक आम्लात बुडवून त्याला विजेचे धन टोक, म्हणजे ॲनोड, जोडायचे. या ॲनोडवरूनच ‘ॲनोडायझिंग’ हे नाव पडले. १९२७ मध्ये गंधकाम्ल वापरणारी स्वस्त रीत आली आणि पुढे तीच जगभर रुळली. येथे एक विरोधाभास पाहण्याजोगा आहे. हॉल आणि एरू यांनी विजेने ऑक्सिजन काढून टाकला होता. चाळीस वर्षांनी त्याच विजेने तो परत बोलावला गेला, आता पहारेकरी म्हणून.

१३/ असा थर वाढताना त्यात डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रे राहतात. त्यांत रंग भरता येतो. मग भाग उकळत्या पाण्यात ठेवला की छिद्रे मिटतात आणि रंग आत कोंडला जातो. निळे, सोनेरी, काळे हब आणि चेनव्हील दिसतात ती याच युक्तीने. रंग न भरता छिद्रे मिटवली, तर खालचा चकचकीत धातू काचेआडून दिसावा तसा दिसतो. रेसिंग सायकलींच्या चंदेरी भागांची चमक बहुतेक वेळा अशी, काचेआडची असते.

१४/ सायकलीच्या भागांत या नव्या धातूचा मोठा विजय १९३३ चा. फ्रान्समधील साँत-एतिएन या कारागिरांच्या शहरातील स्ट्राँगलाइट कंपनीने ड्युरॅल्युमिनचा, कॉटर पिन नसलेला क्रँक आणला. आपल्याकडच्या काळ्या रोडस्टर सायकलीत क्रँक धुरीवर बसवण्यासाठी पाचरीसारखी पोलादी कॉटर पिन ठोकतात. मऊ ॲल्युमिनियमला हे ठोकणे सोसणारे नव्हते. म्हणून धुरीचे टोक चौकोनी आणि किंचित निमुळते केले, आणि क्रँक त्यावर बोल्टने आवळून बसवला. ही चौकोनी धुरी पुढे अर्धशतकाहून अधिक काळ टिकली.

१५/ इटलीत व्हिचेंझाच्या तुल्यो कांपान्योलोची कंपनी त्याच १९३३ सालची. १९५८ मध्ये त्यांचा ‘रेकॉर्ड’ क्रँक आला आणि पुढच्या पिढीच्या रेसिंग सायकलीचा चेहराच त्याने ठरवला. त्यांचा ‘रेकॉर्ड’ डिरेलर आरंभी क्रोमचा मुलामा दिलेल्या कांशाचा होता. १९६७ च्या ‘न्युओव्हो रेकॉर्ड’पासून तो ॲल्युमिनियमचा झाला. क्रोमचा मुलामा आणि ॲनोडायझिंग यांतला फरक येथे ध्यानात घ्यावा. क्रोम हा वरून चढवलेला परका धातू. ॲनोडायझिंगचा थर त्याच धातूतून उगवलेला. म्हणूनच तो पापुद्र्यासारखा सोलून निघत नाही.

१६/ मग हे भाग घरी आणून त्यांच्यावर हात चालवण्याची रीत कधीची? सत्तरच्या दशकात तिला बहर आला. २५ ऑक्टोबर १९७२ रोजी मेक्सिको सिटीत एडी मर्क्सने एका तासात ४९.४३१ किलोमीटर अंतर कापून विक्रम केला. त्याच्या सायकलीचे भाग वजन घटवण्यासाठी भोके पाडून हलके केलेले होते. पाहता पाहता हौशी सायकलपटू घरच्या ड्रिलने चेनव्हील आणि ब्रेकच्या दांड्यांना भोके पाडू लागले. भोके पाडल्यावर कडा घासणे आले, आणि घासणे आले की चमकवणेही आले. कारखान्याचा भाग ही पूर्ण झालेली वस्तू न राहता कच्चा माल झाला.

१७/ त्या काळचे भाग आज पन्नाशीला आले आहेत. घाम, चिखल, बुटांचे घर्षण यांनी थर जागोजागी फुटलेला असतो. किनारपट्टीवर तर खाऱ्या हवेतले मीठ फुटलेल्या जागेतून आत शिरते आणि खाली पांढरी बुकटी धरते. जिथे बूट घासला तिथे उघडा धातू, शेजारी धुरकट थर, मध्येच खड्डा. असा चट्टेपट्टेरी भाग नुसत्या पॉलिशने एकसारखा होत नाही. म्हणून बादली.

१८/ बादलीची रीत थोडक्यात. भागावरचे सगळे पोलादी बोल्ट आणि बेअरिंग काढून, ग्रीस पूर्ण धुऊन घ्यायचे. काम उघड्या हवेत, प्लास्टिकच्या भांड्यात. रबरी हातमोजे आणि डोळ्यांवर बंद चष्मा असल्याशिवाय या वाटेला जाऊ नये. कॉस्टिक सोडा त्वचा जाळतो आणि डोळा कायमचा घालवू शकतो. सोडा पाण्यात थोडा थोडा टाकायचा, सोड्यावर पाणी कधीही ओतायचे नाही, कारण द्रावण एकदम तापून उसळते. द्रावण सौम्य ठेवायचे आणि भागावरची नजर काढायची नाही.

१९/ भाग बुडवल्यावर प्रथम फारसे काही घडताना दिसत नाही. थर शांतपणे विरघळत असतो. मग बुडबुडे उसळू लागतात. तो हायड्रोजन, आणि थर संपून सोडा धातूला भिडल्याची ती खूण. हायड्रोजन पेट घेतो, म्हणून जवळ ज्योत वा ठिणगी नको. आता भाग लगेच काढून भरपूर पाण्याने धुवायचा, नाहीतर धातूच खाल्ला जातो. बाहेर येतो तो पुष्कळदा काळवंडलेला असतो. मिश्रधातूतील तांबे विरघळत नाही, त्याची काजळी वर राहते. ती घासून निघते. आपल्या आज्यांना याचे एक रूप ठाऊक होते: ॲल्युमिनियमचे पातेले राखेने किंवा धुण्याच्या सोड्याने घासले की काळे पडते. अल्कली तीच, फक्त सौम्य.

२०/ आणि आता सातव्या भागाकडे वळा. कॉस्टिक सोड्यात ॲल्युमिनियम ऑक्साइड विरघळणे म्हणजे बायरच्या रीतीचा पहिला टप्पाच. बेळगावच्या टाकीत जे जांभ्यातल्या बॉक्साइटचे होई, तेच बादलीत क्रँकच्या कवचाचे होते. कारखान्याचा क्रम होता: सोड्याने ऑक्साइड मिळवा, विजेने धातू सोडवा, विजेनेच त्यावर कवच चढवा. घरी आपण शेवटच्या पायरीपासून पहिल्या पायरीच्या रसायनाकडे परत जातो.

२१/ पुढचे काम हाताचे. ४०० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यासह, मग ८००, १२००, २०००. प्रत्येक पेपरने आधीच्याचे ओरखडे पूर्ण पुसले गेल्याशिवाय पुढे जायचे नाही. सारी घाई शेवटच्या आरशात दिसते. या घासण्यालाही इतिहास आहे. प्राचीन काळापासून ग्रीसच्या नॅक्सोस बेटावरचा एमरी हा दगड घासण्यासाठी प्रसिद्ध होता, आणि त्यातला कठीण घटक म्हणजे कुरुंद. ‘कोरंडम’ हा इंग्रजी शब्द तमिळमधून गेलेला. संस्कृत ‘कुरुविंद’ त्याच कुळातला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बॉक्साइट विजेच्या भट्टीत वितळवून कृत्रिम कुरुंद होऊ लागला. म्हणजे पुष्कळ पॉलिश पेपरांवर जे कण असतात, तेही ॲल्युमिनियम ऑक्साइडचेच.

२२/ आता तो अवघड प्रश्न. थरासोबत आणखी काय निघून जाते? सत्तरच्या दशकातील कांपान्योलो क्रँकच्या मागच्या बाजूस एका छोट्या चौकटीत आकडा असतो. तो उत्पादनाच्या वर्षाचा शेवटचा अंक. त्यांच्या डिरेलरवर ‘पेटंट’ या शब्दापुढे दोन अंकी साल असते. शिमानोच्या भागांवर दोन अक्षरे असतात: पहिले वर्षाचे, त्यात ए म्हणजे १९७६, दुसरे महिन्याचे. खोल ठसे सहसा वाचतात. उथळ ठसे, छापील नावे, कोरीव अक्षरांत भरलेला रंग हे सारे सोडा आणि पॉलिश पेपर मिळून पुसतात. बुटाने झिजलेली जागा सुद्धा पुरावाच आहे. कोणी ही सायकल खरोखर चालवली, याचा.

२३/ वास्तूंच्या बाबतीत हा वाद जुना आहे. व्हिक्टोरियन इंग्लंडमध्ये जुन्या चर्चच्या भिंतींवरचे गिलावे खरवडून खालचा दगड उघडा करण्याची लाट आली होती, आणि तिला ‘जीर्णोद्धार’ म्हटले जाई. विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी संस्था काढली ती याविरुद्ध. तिचे टोपणनावच पडले ‘अँटी-स्क्रेप’, म्हणजे खरवडविरोधी मंडळी. मॉरिसचा मुद्दा सरळ होता. वरचे थर हेही त्या वास्तूचे आयुष्य आहे. ते काढून मिळते ते मूळ रूप नसते, आपल्या काळाने कल्पिलेले मूळ रूप असते.

२४/ याहून बोचरे उदाहरण ब्रिटिश म्युझियमचे. १९३७-३८ मध्ये पार्थेनॉनची शिल्पे नव्या दालनात मांडण्यापूर्वी ती शुभ्र दिसावीत म्हणून काहींवर तांब्याची हत्यारे आणि कार्बोरंडम चालवण्यात आले. कार्बोरंडम म्हणजे आजही पाण्याच्या पॉलिश पेपरवर असतो तोच कठीण पदार्थ. संगमरवराचा जुना पृष्ठभाग जिथे गेला, तिथे तो गेलाच. पांढरेपणा ही ग्रीकांची आवड नव्हती, ती शिल्पे मुळात रंगवलेली होती. पांढरेपणा हवा होता विसाव्या शतकातल्या देणगीदाराला.

२५/ तरी क्रँक म्हणजे पार्थेनॉन नव्हे, हेही मान्य करायला हवे. तो हजारोंनी तयार झाला आणि त्याचे काम पायाचा जोर सोसणे हे आहे. खरवडण्याच्या बाजूने एक भक्कम युक्तिवादही आहे. ॲल्युमिनियम थकते. वर्षानुवर्षांच्या जोराने पेडलच्या भोकापाशी किंवा दांडा आणि पंज्याच्या सांध्यात केसासारख्या तडा जातात, आणि मळकट थराखाली त्या दिसत नाहीत. स्वच्छ, गुळगुळीत पृष्ठभागावर तड लवकर नजरेस येते. शिवाय ओरखडे हीच तडांची जन्मस्थाने असल्याने ते काढून टाकणे हिताचे ठरते. चढावर उभे राहून पेडल मारताना क्रँक तुटला, तर पुराव्याचा विचार करायला वेळ मिळत नाही.

२६/ माझे मत असे. थर अखंड असेल, तर साबणाचे पाणी आणि मेण यांवर थांबावे. पन्नास वर्षे टिकलेला पहारेकरी विनाकारण हाकलू नये. थर फुटलाच असेल आणि सायकल रस्त्यावर उतरवायची असेल, तर बादली जरूर काढावी. पण त्याआधी भागाची चारही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत, प्रत्येक ठसा वाचून लिहून ठेवावा. दुर्मीळ भाग, एखाद्या ओळखीच्या सायकलपटूची सायकल, किंवा ज्याची नोंद कुठेच नाही असा स्थानिक कारखान्याचा नमुना असेल, तर त्याला सोडा दाखवू नये. कापडाने पुसणे पुन्हा करता येते. विरघळवणे एकदाच होते.

२७/ आणि ज्यांनी खरवडले, त्यांच्यासाठी एक इशारा. आरसा झालेला क्रँक हवेत येताच ऑक्सिजनला पुन्हा बिलगतो. निसर्गाचा नॅनोमीटरचा थर क्षणात धरतो, पण घाम आणि पावसाळा सोसायला तो अपुरा असतो. मुंबई-रत्नागिरीच्या हवेत चमक लवकर मंदावते; मेणाचा हात आणि थोडे पॉलिश पुन्हा पुन्हा लागते. पूर्वी जे काम कवच निमूटपणे करत होते, ते आता आपल्याकडे आले.

२८/ तुमच्या घरी, माळ्यावर किंवा कोपऱ्यावरच्या सायकल दुकानात ॲल्युमिनियमचे जुने भाग असतील, तर घासण्यापूर्वी एकदा भिंगाखाली धरा. मागच्या बाजूला एखादे अक्षर, एखादा आकडा, एखादे मिटत चाललेले नाव दिसले, तर त्याचे छायाचित्र या धाग्याखाली टाका. साल आणि कारखाना मिळून शोधू. पॉलिश त्यानंतर.